सँडो : बनियनच्या पलीकडचा

बिनबाह्यांचे बनियन हवे असेल तर महाराष्ट्रातला ग्राहक दुकानदारापुढे एकच शब्द उच्चारतो : सँडो. हे एका माणसाचे नाव आहे, याची कल्पना विकणाऱ्याला नसते आणि घेणाऱ्यालाही नसते. ज्याच्या नावाची बनियने आज घराघरांतल्या दोरीवर वाळत असतात तो गृहस्थ जन्माने जर्मन होता, इंग्लंडमध्ये नावारूपाला आला आणि गंमत अशी, की त्याची सारी कीर्ती अंगावरचे कपडे उतरवण्यावर उभी होती.

युजेन सँडोची आठवण व्हावी असा आणखी एक प्रसंग शहरांतल्या जिममध्ये रोज घडत असतो. नव्याने पैसे भरलेला सभासद आरशासमोर उभा राहतो. दंड काटकुळे, छाती बसकी आणि पोट मात्र पट्ट्यावर ओघळलेले. आधी ही चरबी उतरवावी, की आधी स्नायू कमवावेत? जिमच्या भाषेत सांगायचे तर आधी कटिंग की आधी बल्किंग? चरबी उतरवायला निघावे तर आधीच बारीक असलेले हातपाय आणखी वाळण्याची भीती. स्नायू कमवायला म्हणून खुराक वाढवावा तर पोट आणखी पुढे येण्याची धास्ती. हा पेच आजचा वाटतो खरा, पण तो शंभराहून अधिक वर्षांचा जुना आहे. कचेरीत बसून काम करणाऱ्या सामान्य शहरी माणसाला तो पहिल्यांदा पडला त्यामागे सँडोचा मोठा हात होता. त्यावर त्याने एक उत्तरही दिले, विकले आणि त्यातून अमाप पैसा मिळवला. ते उत्तर त्याच्या स्वतःच्या शरीराच्या इतिहासाशी मात्र जुळत नव्हते.

२ एप्रिल १८६७ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग या शहरात त्याचा जन्म झाला. हे शहर आज कालिनिनग्राड या नावाने रशियात आहे. त्याचे मूळ नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर. लहानपणी आपण अत्यंत अशक्त होतो, वडिलांबरोबर इटलीला गेलो असता तेथील प्राचीन पुतळे पाहून थक्क झालो आणि तशी काया कमावण्याचा ध्यास तेव्हापासूनच घेतला, अशी हकिकत तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. तिच्यावर फारसा विश्वास ठेवण्याचे कारण नाही. व्यायामाची साधने विकणाऱ्या माणसाचे बालपण अशक्तच असावे लागते! धडधाकट जन्मलेल्या माणसाकडून डंबेल्स कोण विकत घेणार?

खरा इतिहास अधिक साधा आणि अधिक कष्टाचा आहे. लष्करातील सक्तीची नोकरी टाळण्यासाठी १८८५ च्या सुमारास त्याने प्रशिया सोडले आणि सर्कशीत कसरती करीत तो युरोपभर हिंडू लागला. ब्रसेल्समध्ये त्याची गाठ लुडविग डुर्लाखर या व्यायामशिक्षकाशी पडली. प्रोफेसर अॅटिला या नावाने हा शिक्षक ओळखला जाई. अॅटिलाने या कसरतपटूच्या हाती जड वजने दिली. आज उचलले त्याहून उद्या थोडे अधिक, ही चढती भाजणी त्याने शिष्याच्या अंगवळणी पाडली. पुढे जी काया जगाने पाहिली तिचा पाया या काळात, शंभर शंभर पौंडांच्या लोखंडाखाली घातला गेला. तरुण वय, दिवसभराच्या कसरती, खिशात फारसे पैसे नसल्याने बेताचाच आहार आणि त्यावर जड वजनांचा व्यायाम. चरबी साठायला वाव नव्हता आणि स्नायूंना वाढण्यावाचून गत्यंतर नव्हते. आधी काय आणि नंतर काय, हा प्रश्न सँडोला स्वतःला बहुधा कधी पडलाच नसावा. पोट भरण्यासाठी तो चित्रकारांसमोर आणि शिल्पकारांसमोर नमुना म्हणूनही उभा राही. आपल्या शरीराकडे लोक कसे पाहतात, याचे शिक्षण त्याला तेथे मिळाले.

१८८९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर तो लंडनमध्ये अवतरला. तेथील रॉयल अॅक्वेरियम या रंगमंदिरात सॅम्पसन नावाचा पैलवान आपला शिष्य सायक्लॉप्स याच्यासह शक्तीचे प्रयोग करीत असे आणि आपली बरोबरी करून दाखवणाऱ्याला रोज पैशांचे आव्हान देत असे. ते आव्हान स्वीकारून सँडो रंगमंचावर चढला तेव्हा प्रेक्षक हसले, असे सांगतात. कपड्यांत तो अगदीच सामान्य दिसत होता. त्या काळचा बलवान म्हणजे पिंपासारख्या घेराचा, भल्या मोठ्या पोटाचा मनुष्य. हा तर कुणी सुटाबुटातला कारकून भासत होता. त्याने अंगावरचा पोशाख दूर केला आणि सभागृह अवाक झाले. आधी शिष्य हरला, काही दिवसांनी २ नोव्हेंबरला खुद्द सॅम्पसन हरला आणि लंडनला नवा नायक मिळाला.

तथापि तो अजिंक्य होता असे नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८९० मध्ये, हर्क्युलिस मॅकॅन नावाच्या प्रतिस्पर्ध्याने त्याला वजने उचलण्याच्या सामन्यात हरवले. मुष्टियुद्धाच्या नियमांना ज्याचे नाव लागले तो मार्क्विस ऑफ क्वीन्सबेरी या सामन्याच्या पंचांत होता. त्याहून मोठा धोका अटलांटिकपलीकडे होता. कॅनडाचा लुई सीर हा त्या काळी, आणि काहींच्या मते आजवरचा, सर्वांत बलवान मनुष्य. उंची साधारण सँडोएवढीच. वजन मात्र ३०० पौंडांच्या पुढे, म्हणजे १३६ किलोंहून अधिक. सँडोचे वजन १८० पौंडांच्या, म्हणजे ८२ किलोंच्या आसपास होते. १८९५ साली बॉस्टनमध्ये सीरने एका फळीवर उभी केलेली १८ माणसे पाठीवर पेलली. तो भार ४३३७ पौंडांचा, म्हणजे जवळजवळ दोन टनांचा होता. १८९२ मध्ये सीर लंडनला आला, त्याने साऱ्यांना आव्हान दिले. पण सँडो आणि सीर यांची थेट झुंज कधीच झाली नाही. ती झाली असती तर निकाल काय लागला असता याविषयी सँडोच्या चाहत्यांनाही शंका नसावी.

शरीर कशासाठी कमवायचे, या प्रश्नाची दोन उत्तरे त्या काळी अशी आमनेसामने उभी होती. सीरने भार उचलण्यासाठी शरीर घडवले. त्यासाठी लागणारा प्रचंड आहार त्याने घेतला, अंगावर चढलेल्या चरबीची क्षिती बाळगली नाही. मोठ्या देहाला मोठा भार पेलतो हे शास्त्राला धरूनच आहे. कुस्तीत आणि वजन उचलण्याच्या स्पर्धांत वजनगट ठेवावे लागतात ते त्यामुळेच. कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानालाही पोटाची लाज कधी वाटली नाही. दूध, तूप, बदाम आणि जोर-बैठका यांनी घडलेला तो देह आखाड्यात उलथवायला कठीण असतो आणि तेच त्याचे प्रयोजन. परंतु सीरने या उत्तराची किंमत मोजली. उतारवयात त्याला मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने गाठले आणि ज्याने हयातभर ताटावर हात राखला नाही त्याला अखेरीस दुधावर दिवस काढावे लागले. १९१२ मध्ये, वयाच्या ४९ व्या वर्षी तो गेला.

सँडोचे उत्तर वेगळे होते आणि ते त्याला एका नाटकवाल्याने दिले. १८९३ मध्ये शिकागोत जागतिक प्रदर्शन भरले होते. फ्लोरेन्झ झिगफेल्ड या तरुण व्यवस्थापकाने सँडोला तेथे आणले. पुढे ब्रॉडवेवर ज्याच्या नावाचा डंका वाजला तोच हा झिगफेल्ड. सँडो किती पौंड उचलतो यात प्रेक्षकांना फारसा रस नाही, ते डोळे लावून बसतात ते त्याच्या फुगणाऱ्या दंडांकडे आणि आखीव पोटाकडे, हे त्याने हेरले. मग उचलण्याचे प्रयोग कमी झाले आणि नुसते उभे राहण्याचे वाढले. अंगाला पांढरी पावडर फासून, ग्रीक पुतळ्यासारखा आव आणून, योग्य बाजूने पडणाऱ्या प्रकाशात सँडो एकेक स्नायू ताणून दाखवू लागला. धर्मादाय निधीला ३०० डॉलर देणाऱ्या स्त्रियांना पडद्यामागे जाऊन ते स्नायू हाताने चाचपून पाहता येत, असेही प्रसिद्ध झाले. ६ मार्च १८९४ रोजी एडिसनच्या स्टुडिओत त्याचे चलच्चित्र घेण्यात आले. चित्रपटाच्या इतिहासातील अगदी पहिल्या चेहऱ्यांत, किंबहुना पहिल्या शरीरांत, त्याची गणना होते ती त्यामुळे. (सॅन फ्रान्सिस्कोत त्याने सिंहाशी झुंजही दिली. सिंहाच्या तोंडाला मुसके होते आणि पंजांना जाड मोजे. त्याविषयी अधिक न बोललेले बरे.)

स्नायू दिसायचा असेल तर तो नुसता मोठा असून भागत नाही. त्याच्यावरचा चरबीचा थर पातळ असावा लागतो. ही गोष्ट आज कोणत्याही जिममधला पोरगा सांगेल. सीरचे स्नायू सँडोच्या स्नायूंहून कितीतरी मोठे असणार, पण ते दिसत नव्हते. सँडोने दाखवण्यासारखे शरीर पसंत केले आणि छायाचित्रांच्या द्वारे ते जगभर पोहोचवले. अंजिराच्या पानानिशी घेतलेली त्याची छायाचित्रे दुकानांतून विकली जात. मध्यमवर्गीय घरांत ती गेली आणि तेथल्या पुरुषांनी प्रथमच आपल्या सदऱ्याखाली काय आहे याची त्या चित्राशी तुलना करून पाहिली. काहींच्या सदऱ्याखाली बरगड्या निघाल्या, काहींच्या सदऱ्याखाली ढेरी, आणि बऱ्याच जणांच्या सदऱ्याखाली दोन्ही. त्या तुलनेतूनच आधी काय करावे हा प्रश्न जन्माला आला.

सततच्या प्रयोगांनी प्रकृती ढासळल्यावर सँडो इंग्लंडला परतला आणि १८९७ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर त्याने आपली व्यायामसंस्था उघडली. गालिचे, आरसे, खासगी खोल्या असा तिचा थाट होता. त्याच वर्षी त्याचे शक्ती कशी मिळवावी या विषयावरचे पुस्तक आले, पुढच्या वर्षी 'फिजिकल कल्चर' हे मासिक. ज्यांना लंडनला येणे शक्य नव्हते त्यांच्यासाठी टपालाने शिक्षण होते. विद्यार्थ्याने छाती, दंड, मांडी, कंबर यांची मापे, वय आणि व्यवसाय लिहून पाठवायचा. उत्तरादाखल त्याला व्यायामाचा तक्ता मिळे. इंचपट्टी हे सँडोने घराघरांत नेलेले खरे हत्यार. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' कादंबरीचा नायक लिओपोल्ड ब्लूम हा डब्लिनमधला जाहिरातीची कामे मिळवणारा मध्यमवयीन गृहस्थ. त्याच्या कपाटात सँडोचे पुस्तक आहे आणि त्याच्या घरात व्यायामाआधीची व दोन महिन्यांनंतरची मापे टिपून ठेवलेला कागदही. १९०४ सालचा सामान्य शहरी माणूस उभा करायचा तर एवढा तपशील लेखकाला आवश्यक वाटला.

या तक्त्यांत काय असे? पुरुषांसाठी चार-पाच पौंडांची डंबेल्स. ती हाती घेऊन आरशासमोर उभे राहायचे, हालचाल होत असलेल्या स्नायूवर मन एकाग्र करायचे, आवर्तने हळूहळू वाढवायची आणि शेवटी थंड पाण्याने अंघोळ. पुढे त्याने मधोमध दुभंगलेली, स्प्रिंगा बसवलेली डंबेल्सही काढली. ती मुठीत आवळून धरावी लागत. वेळ लागे दिवसाची काही मिनिटे. आहाराविषयी त्याचा फारसा आग्रह नव्हता. भूक असेल तेवढे, बेताने खावे, एवढेच. बारीक माणसालाही डंबेल्सच आणि लठ्ठ माणसालाही डंबेल्सच. आवर्तने आणि क्रम यांत फरक पडे, औषध तेच राही.

येथे सँडोची लबाडी म्हणावी की व्यापारी सोय म्हणावी, ती उघड होते. स्वतः जड लोखंडाखाली घडलेल्या माणसाने पाच पौंडांच्या डंबेल्सच्या जाहिरातीवर स्वतःचे चित्र छापले. त्या चित्रापर्यंत त्या रस्त्याने कोणी पोहोचणे शक्य नव्हते. स्नायू वाढतो तो त्याच्यावरचा ताण क्रमाक्रमाने वाढत गेला तर. हे अॅटिलाने त्याला ब्रसेल्समध्येच शिकवले होते, म्हणजे ते त्याला ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. उलट बाजूही पाहिली पाहिजे. शे-दोनशे पौंडांची पहार टपालाने पाठवता येत नाही, आणि पाठवली तरी ज्याने आयुष्यात दप्तराहून जड काही उचललेले नाही त्या कारकुनाने ती डोक्यावर घ्यावी हेही योग्य नव्हे.

शिवाय अनेकांना गुण आला, हेही खरे. पत्रांचे ढीग मासिकाकडे येत आणि ती सगळीच पत्रे बनावट असतील असे मानायचे कारण नाही. आजचे शास्त्र याचा उलगडा करू शकते. ज्याने कधीच व्यायाम केलेला नाही त्याचे शरीर सुरुवातीच्या काही महिन्यांत थोड्याशा ताणालाही मोठा प्रतिसाद देते. अशा नवख्या माणसाला, आहार किंचित कमी आणि प्रथिने पुरेशी ठेवली तर, चरबी उतरवणे आणि स्नायू कमवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधता येतात. दोन्हींपैकी एक निवडण्याचा पेच त्याच्यापुढे खरे तर असतच नाही. तो उभा राहतो पुढे, वर्ष-दोन वर्षांचा सराव झाल्यावर. मुरलेल्या व्यायामपटूच्या शरीरात स्नायू वाढायचा तर आहारात शिल्लक लागते आणि चरबी उतरायची तर तूट लागते. शिल्लक आणि तूट एकाच खातेवहीत एकाच दिवशी दाखवता येत नाही. म्हणून स्पर्धेत उतरणारे काही महिने वजन वाढवतात आणि काही महिने उतरवतात. अतिलठ्ठ माणसाने तुटीपासूनच सुरुवात करावी हे शहाणपणाचे. मात्र नुसती उपासमार केली तर उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा जातो, सर्वसाधारणपणे चौथ्या हिश्शाच्या आसपास. तो वाचवण्याचा उपाय म्हणजे त्या काळातही वजने उचलत राहणे. आणि पोटाचे व्यायाम केल्याने पोटाचीच चरबी जाते, ही सँडोच्या काळापासून चालत आलेली समजूत तेवढी सोडून द्यावी लागते. चरबी कोठून आधी उतरणार हे शरीर ठरवते, व्यायाम करणारा ठरवत नाही.

सँडोच्या बलाविषयी कुरकुर थांबली नव्हती. १८९८ मध्ये शेफील्ड येथे आर्थर सॅक्सन या जर्मन पैलवानाशी त्याचा सामना झाला. आपणच जिंकलो, अशी जाहिरात सॅक्सन बंधूंनी सुरू केली. प्रकरण न्यायालयात गेले आणि निकाल सँडोच्या बाजूने लागला. आखाड्यातला वाद कोर्टात मिटवणारा हा बहुधा पहिलाच बलवान असावा. त्यानंतर त्याने शक्तीच्या जाहीर झुंजी जवळपास सोडूनच दिल्या.

त्याच्या मनात दुसरीच स्पर्धा होती. तीन वर्षे इंग्लंडच्या परगण्यांमधून निवडफेऱ्या घेतल्यानंतर १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये तिची अंतिम फेरी झाली. शरीरसौष्ठवाची ही पहिली मोठी स्पर्धा. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती, हजारो लोक बाहेरून परत गेले. काळ्या घट्ट विजारी, पट्टे आणि बिबट्याची कातडी अशा वेशात साठ स्पर्धक मंचावर आले. पंच तिघे : शिल्पकार सर चार्ल्स लॉज, शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल आणि स्वतः सँडो. डॉइल हे सँडोच्या पद्धतीने व्यायाम करणारे त्याचे शिष्यच होते.

या स्पर्धेचे निकष मुळातून पाहण्यासारखे आहेत. सर्वांगाचा एकूण विकास, त्या विकासातील समतोल, ऊतींची स्थिती व टणकपणा, सर्वसाधारण आरोग्य आणि त्वचेची अवस्था. सर्वांत मोठे स्नायू असलेला स्पर्धक जिंकेलच असे नाही, हे आधीच स्पष्ट करण्यात आले होते. सोनेरी पुतळा मिळाला तो नॉटिंगहॅमच्या विल्यम मरे याला. त्याचे शरीर राक्षसी नव्हते, प्रमाणबद्ध होते. चरबी की स्नायू या वादावर सँडोने आयुष्यात दिलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर कोणते असेल तर ते या निकषांत आहे. डंबेल्सच्या जाहिरातीत ते शोधू नये. त्याच वर्षी लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाने त्याच्या सर्वांगाचा प्लास्टरचा साचा घेतला. युरोपीय मानवाचा आदर्श नमुना म्हणून तो मांडायचा होता. टीका होऊ लागताच तो मुकाट्याने तळघरात गेला. वंशश्रेष्ठत्वाच्या त्या काळातल्या कल्पनांशी सँडोचे नाव असे जोडले गेले होते, हेही विसरता येत नाही.

१९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानात आला. मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे त्याचे प्रयोग झाले. राज्यकर्ते हिंदी माणसाला दुबळा ठरवत होते आणि त्यांच्याच देशातून आलेला हा पाहुणा सांगत होता की शरीर जन्मावर ठरत नाही, ते घडवता येते. सुशिक्षित तरुणांना त्यात वेगळाच अर्थ दिसला तर नवल नाही. प्रोफेसर राममूर्तींसारख्या बलवानांना भारतीय सँडो म्हटले जाऊ लागले ते याच काळात. तथापि त्याची डंबेल्स येथे त्याच्याही आधी पोहोचली होती. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी सँडोची पुस्तके आणि साधने मागवून सुमारे दहा वर्षे नेमाने त्याच्या पद्धतीचा व्यायाम केला होता. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि संस्थानच्या शाळांत त्यांनी तो सक्तीचा केला. सूर्यनमस्काराच्या आधुनिक प्रसाराचे श्रेय ज्या राजाला दिले जाते त्याची सुरुवात सँडोच्या डंबेल्सपासून झाली होती, हे आज कितीजणांना ठाऊक असेल?

भारतीय शरीरावर सँडोचा एकच तक्ता का लागू पडत नाही, याचा उलगडा व्हायला मात्र आणखी शंभर वर्षे जावी लागली आणि तो पुण्यात झाला. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक दोघांचा अगदी एक, २२.३. दोघेही सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा, तरी आतून चरबीयुक्त असा हा भारतीय देह. जिमच्या आरशासमोर बारीक हात आणि सुटलेले पोट घेऊन उभा असलेला तो सभासद याच जातकुळीचा. त्याने नुसते वजन घटवले तर हात आणखी बारीक होतात, नुसता खुराक वाढवला तर मधुमेह जवळ येतो. त्याला वजनकाट्यापेक्षा कमरेचे माप आणि उचलता येणारा भार या दोन आकड्यांकडे लक्ष ठेवावे लागते.

सँडोच्या आयुष्याचा उत्तरार्ध भराभर सांगण्यासारखा आहे. १९०६ मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला, लठ्ठपणापासून अपचनापर्यंत साऱ्या तक्रारींवर औषधाविना, व्यायामाने उपचार करणारी संस्था त्याने काढली, १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज याने त्याला आपला व्यायामशिक्षक नेमले. मग त्याने कोकोचा कारखाना घातला. शक्तिवर्धक कोको! आहाराचे स्तोम माजवू नका असे सांगणारा माणूस आता डबाबंद खुराक विकू लागला. पहिले महायुद्ध सुरू झाले, जर्मन नावाच्या प्रत्येक वस्तूवर इंग्लंडचा रोष वळला आणि कंपनी बुडाली. डंबेल्सचा जमानाही ओसरला होता.

१४ ऑक्टोबर १९२५ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. खड्ड्यात गेलेली मोटार एका हाताने उचलताना त्याला इजा झाली होती, अशी कथा लगेचच पसरली. मृत्यूच्या दाखल्यावर नोंद होती ती महारोहिणीला आलेल्या फुगवट्याची. पत्नी ब्लांशशी त्याचे संबंध अखेरीस इतके बिघडले होते, की पटनी व्हेल येथील त्याच्या थडग्यावर तिने नावाचा दगडही बसवू दिला नाही. ज्याच्या देहाची छायाचित्रे जगभर खपली तो सत्तरहून अधिक वर्षे निनावी मातीखाली पडून होता.

१९७७ पासून मिस्टर ऑलिंपिया स्पर्धेच्या विजेत्याला जो कांस्यपुतळा देण्यात येतो तो सँडोचा आहे. तो पुतळा १९९८ ते २००५ अशी आठ वर्षे सलग उंचावणाऱ्या रॉनी कोलमनचे स्पर्धेच्या दिवशीचे वजन सँडोपेक्षा कितीतरी अधिक भरत असे, आणि तरीही त्याच्या अंगावर चरबी म्हणून दिसत नसे. तिकडे पटनी व्हेलच्या दफनभूमीत २००८ मध्ये सँडोच्या एका वंशजाने ती जागा विकत घेतली आणि तेथे एक ओबडधोबड मोठी शिळा उभी केली. तिच्यावर कोरलेला शब्द तोच, जो दादर-गिरगावातल्या बनियनच्या खोक्यांवर छापलेला असतो.